अजगराच्या घुगऱ्या

मी क्रांती चौकाजवळच्या एका चष्म्याच्या दुकानात काम करते आणि उरलेल्या वेळात साप पकडते. पहिल्या कामाचा पगार मिळतो, दुसऱ्याचे टोमणे. वन खात्याकडे माझं नाव नोंदलेलं आहे, ओळखपत्र आहे, आणि टोकाला आकडा असलेली एक लांब काठी आहे, जी स्कूटीला बांधून मी गावभर हिंडते. कुणाच्या मोरीत धामण शिरते, कुणाच्या लाकडांच्या ढिगात घोणस निघते, आणि फोन माझ्याकडे येतो. नवऱ्याची तक्रार नाही. तो वाळूजला कंपनीत आहे, शिफ्ट करून येतो आणि झोपतो. त्याचं म्हणणं एवढंच, की सापाची पिशवी जेवायच्या टेबलावर ठेवत जाऊ नकोस.

तक्रार होती ती सासूबाईंची. आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणतात. मामंजी गेल्यावर आम्ही त्यांना सोयगावकडच्या गावातून आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आणलं. आणलं म्हणजे जवळजवळ उचलूनच आणलं. गावात त्यांच्या कोंबड्या होत्या, त्या धाकट्या बहिणीच्या हवाली करून त्या एका पत्र्याच्या पेटीसह इथे आल्या आणि गॅलरीत खुर्ची टाकून बसल्या. घरात काम नव्हतं असं नाही, पण मला माझी भांडी माझ्या जागेवर लागतात, आणि हे मी त्यांना एकदा जरा जास्तच स्पष्ट सांगितलं होतं. तेव्हापासून त्या स्वयंपाकघरात पाहुण्यासारख्या यायच्या. साप हा शब्द त्या तोंडातून काढत नाहीत, लांबडं म्हणतात. मी एखादं लांबडं रानात सोडून आले की दारातच आवाज यायचा, "आधी अंघूळ. मग चुलीकडं." मी अंघोळ करायची, पण मुद्दाम सावकाश करायची.

यंदाच्या उन्हाळ्यात पैठणच्या बाजूने एका शेतकऱ्याचा फोन आला. आमच्याकडे समुद्र नाही, पण धरणाचं पाणी बघाल तिथवर पसरलेलं असतं, आणि त्याच्या काठच्या उसात, दगडांच्या खोबणीत अजगर राहतात. दुकानात गिऱ्हाइकांना हे सांगितलं की ती हसतात. अजगर म्हणजे कोकणात, नाहीतर टीव्हीवर, अशी त्यांची समजूत. तर त्या शेतकऱ्याने बांध सपाट करायला जेसीबी लावला होता आणि बांधातल्या दगडांखाली अजगराची मादी अंड्यांवर बसलेली होती. मी आणि तिथला वनरक्षक पोचलो तेव्हा खोबण उघडी पडली होती, मादी पाण्याकडे निघून गेली होती, आणि एरवी एकमेकांना चिकटून घड करून असतात ती अंडी सुटी होऊन उन्हात पडली होती. काही फुटलेली. भोवती अर्धं गाव मोबाइल घेऊन उभं.

आम्ही गर्दी हटवली, अंड्यांवर ओला पाला धरला, आणि मादीची वाट पाहिली. अजगराची मादी अंड्यांभोवती वेटोळं घालून बसते ती पिल्लं निघेपर्यंत. खात नाही, हलत नाही, गारवा वाटला तर अंग थरथरवून ऊब देते. पण तिची जागाच राहिली नव्हती, आणि ती आली नाही. वनरक्षकाने पंचनामा केला, वरच्या साहेबांना फोन लावला, आणि धड राहिलेली अंडी माझ्या ताब्यात आली. उचलण्याआधी मी प्रत्येक अंड्याच्या वरच्या बाजूला पेन्सिलीने एक ठिपका काढला. सापाचं अंडं कोंबडीच्या अंड्यासारखं नसतं. ते ज्या बाजूला पडलं त्याच बाजूला ठेवावं लागतं. आतला जीव वरच्या कवचाला धरून वाढतो, उलटं केलं की गुदमरतो. ठिपका कायम आभाळाकडे, एवढंच त्या ठिपक्याचं काम.

घरी थर्माकोलचा डबा होता. त्यात ओलसर नारळाचा भुसा घातला, अंडी मांडली, तापमापक खोचला आणि डबा आतल्या खोलीत पलंगाखाली ठेवला. आत्याबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. मी मनात भांडणाची तयारी केली.

"कशाची गं ही?"

"अजगराची."

त्या पुढे आल्या आणि गुडघे धरत खाली बसल्या. "एवढी मोठी? आन् मऊ दिसत्यात." मग डब्यात वाकून, "आय कुठं गेली ह्यांची?"

मी जेसीबीची गोष्ट सांगितली. त्या ऐकत राहिल्या. मग आपणहून बोलायला लागल्या. गावाकडे अंड्यांवर बसलेली खुडूक कोंबडी मुंगसाने नेली तर त्या उरलेली अंडी कापसात घालून चुलीच्या कडेला ठेवायच्या, आणि त्यातूनही पिल्लं काढायच्या. बायका लांबून त्यांच्याकडे अंडी घेऊन यायच्या. "माझ्या हाताला यश हाय म्हणायच्या," असं सांगून त्या चक्क लाजल्या. लग्नाला इतकी वर्षं झाली, आम्ही दोघी कधी एका खोलीत इतका वेळ बसलो नव्हतो.

दुसऱ्या दिवशी कामावर जाताना मी त्यांना सांगितलं, की तापमापकाचा आकडा बत्तीसच्या पुढे गेला तर डब्यावर ओलं फडकं टाका आणि कूलर लावा. लाइट गेली तर झाकण जरा उघडा. त्यांनी मान डोलावली. अंड्यांना हात लावू नका, हे एक वाक्य उरलं होतं. ते माझ्या जिभेवर होतं, खरंच होतं. पण भांड्यांचं ते जुनं वाक्य मला आठवलं, आणि वाटलं, आता कुठे ही बाई खुर्चीतून उठलीय, पुन्हा आपण 'हात लावू नका' म्हणायचं? शिवाय सापाच्या अंड्याला त्या हात लावतील असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. दुकानात मी गिऱ्हाइकाला चष्मा पदराने पुसू नका हे दोनदा सांगते, जाताना तिसऱ्यांदा सांगते. घरात मी गप्प बसले आणि स्वतःला समजूतदार समजले.

पुढचे काही आठवडे आमच्या घरात अशी शांतता होती की नवरा घाबरला. "तुम्ही दोघी बोलता काय?" त्याने मला हळूच विचारलं. दुपारी दुकानात आत्याबाईंचा फोन यायचा, आकडा सांगायला. आकडा सांगून झाला की भाजी काय करायची, खालच्या मजल्यावरची सून कशी उलटून बोलते, हेही व्हायचं. संध्याकाळी मी आले की माझा चहा तयार असायचा. माझ्याच भांड्यात, माझ्याच गॅसवर केलेला, आणि मला त्याचं काहीही वाटलं नाही. सुरुवातीला एकदा मी मोबाइलचा टॉर्च अंड्याच्या बाजूला धरून आतल्या लाल शिरा त्यांना दाखवल्या होत्या. त्यांनी पदर डोक्यावर घेतला आणि हात जोडले.

मग दुकानात शाळा सुरू व्हायच्या आधीची गर्दी लागली, पोरांचे नवे चष्मे, आणि मी डब्यात बघायची ती घाईघाईत, आकडा ठीक आहे ना एवढंच. एका रविवारी संध्याकाळी झाकण काढलं तर वास आला. अंडी पिवळी पडली होती, काहींना खळगे पडले होते, एकावर बुरशी. मी टॉर्च धरला. शिरा नव्हत्या. दुसरं पाहिलं, तिसरं पाहिलं. तेव्हा लक्षात आलं की वरच्या बाजूला पेन्सिलीचा ठिपका दिसतच नाही. त्याच्या जागी काळा, जाडसर ठिपका होता. काजळाचा. मी एक अंडं उचलून खालून पाहिलं. माझा ठिपका खाली होता.

आत्याबाई गॅलरीत गवार मोडत बसल्या होत्या. मी शक्य तितक्या साध्या आवाजात विचारलं, "अंड्यांवर काजळ कुणी लावलं, आत्याबाई?"

"म्याच." त्यांचा चेहरा असा खुलला की मला बघवेना. "तू एकच खूण केली व्हती. म्हणलं, कामाच्या घाईत इसरली आसंल पोरगी. सकाळी तुझी खूण वर, सांजच्याला माझी. येक दिस चुकवला नाय. पायजे तर बघ."

त्या कोंबडीच्या अंड्यांना असंच करत आल्या होत्या. एका बाजूला कोळशाचा ठिपका, दुसऱ्या बाजूला रेघ. आज ही वर, उद्या ती. चुलीच्या कडेला ठेवलेलं अंडं उलटंपालटं केलं नाही तर मरतं, हे त्यांना मला अक्षर ओळख होण्याच्या कितीतरी आधीपासून माहीत होतं. आणि मी त्यांच्या हाताशी प्रत्येकावर खूण केलेली अंडी ठेवून गेले होते. त्यांनी ती खूण वाचली, आणि त्यांच्या हिशेबाने बरोबरच वाचली.

मी स्वतःला सांगून पाहिलं, की जेसीबीचे धक्के बसले असतील, ऊन लागलं असेल. पण शिरा मीच पाहिल्या होत्या. अंडी माझ्या घरात मेली, आणि ती मी एका वाक्याच्या आळसाने मारली. तेही एक वेळ खरं बोलून निस्तरता आलं असतं. मी काय केलं? मी त्यांना म्हणाले, "छान केलंत. आता ही वनखात्याकडे द्यायची वेळ झाली, पुढचं ते बघतील." डबा स्कूटीवर बांधला, वनरक्षकाकडे जाऊन जे झालं ते सांगितलं, त्याने कागद केला, आणि आम्ही अंडी पुरली. तो माणूस मला एका शब्दाने बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

आत्याबाई रोज विचारायच्या, "निघाली का गं?" रोज. चहा देताना, चपला घालताना, दुपारच्या फोनवर. एका संध्याकाळी मी थकून आले होते, डोकं दुखत होतं, आणि मी म्हणून टाकलं, "निघाली. सगळी निघाली. पाण्याकाठी सोडली."

मला वाटलं होतं, यावर त्या बरं म्हणतील आणि विषय संपेल. दुसऱ्या दिवशी सकाळी उठले तर स्वयंपाकघरात मोठं पातेलं चढलेलं. त्यांनी हरभरे भिजवून शिजवले होते. बारशाला करतात त्या घुगऱ्या. "पोरं झाली म्हणल्यावर घुगऱ्या नगं का वाटाया?" असं म्हणत त्या वाट्या भरत होत्या. नंतर तिसऱ्या मजल्यापासून तळमजल्यापर्यंत, दुखऱ्या गुडघ्यांनी, त्या दारोदार गेल्या. ज्या बाईने इथे आल्यापासून शेजाऱ्यांपासून माझा उद्योग लपवला होता, ती प्रत्येक दारात सांगत होती, "आमच्या सुनंनं आजगराची पिल्लं काढली. मीबी हात लावला जरा." खालच्या मजल्यावरच्या उलटून बोलणाऱ्या सुनेने माझं अभिनंदन केलं. नवऱ्याला मी सगळं सांगितलं होतं, तो माझ्याकडे न बघता चमचा हलवत राहिला. माझी वाटी आत्याबाईंनी स्वतः आणून दिली, वर कोथिंबीर घालून. मी घुगऱ्या खाल्ल्या. सगळ्या खाल्ल्या, पुन्हा घे म्हणाल्या तेव्हा पुन्हा घेतल्या.

त्या दिवसांत मी स्वतःला एकच गोष्ट घोळवून घोळवून सांगत होते: म्हातारं माणूस आहे, कशाला दुखवायचं. हे वाक्य इतकं सोयीचं आहे की त्यावर कुणी भांडतही नाही. खरं असं होतं की मला माझा चहा तयार मिळत होता आणि तो जायला नको होता.

मग एका दुपारी, दुकानाला सुट्टी होती म्हणून मी घरीच कपड्यांच्या घड्या घालत होते. आत्याबाईंच्या बहिणीचा फोन आला. त्या आमच्या आत्याबाईंच्याच गावात राहतात, डोंगराच्या कडेला शेत आहे. फोनवर त्या इतक्या मोठ्याने बोलत होत्या की मला पलीकडच्या खोलीत ऐकू येत होतं. पावसाच्या आधी कडब्याची गंजी हलवायला घेतली, तर खाली अजगर, आणि त्याच्याखाली अंड्यांचा घड. माणसं ओरडली, अजगर सरकून झुडपात गेला. घड जसाच्या तसा त्यांनी पोत्यावर ओढून घेतलाय आणि माणसं म्हणतायत जाळून टाका. "पर म्या म्हणलं, माझ्या बहिणीला ठावं हाय. तिनं काढल्यात. सांग बाई, काय करू?"

आत्याबाई खुर्चीत सरळ बसल्या. मी कधी त्यांचा तो आवाज ऐकला नव्हता; गावाकडच्या बायका अंडी घेऊन यायच्या तेव्हाचा असणार. "जाळू नगं. आजाबात नगं. दुरडीत भुसा घाल. आन् हे बघ, घड हाय ना, तो सुटा कर हळूहळू. सुटा केल्याबिगर फिरवता येत नाय. काजळ घे..."

मी दारात गेले. कपडा हातातच होता. क्षणभर, खरं सांगते, मला वाटलं की फोन ठेवला की आपण बहिणीला परस्पर फोन करू, काहीतरी सांगू, शासनाचा नवा नियम आलाय म्हणू. अजून एक थाप मारून सगळं राखता आलं असतं. पण बहीण तिकडे अंड्यांजवळ तयार बसली होती आणि यांचा शब्द तिच्यासाठी शेवटचा होता.

"आत्याबाई, फिरवू नका म्हणावं."

त्यांनी फोनवर हात ठेवला. "कामून?"

"मरतात."

"आपली तर..."

"आपली निघाली नाहीत. मी खोटं बोलले."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला रडू आलं तर बरं, असं वाटत होतं, पण येत नव्हतं. फोनमधून बहीण हॅलो हॅलो करत होती. आत्याबाईंनी फोन कानाला लावला आणि अगदी शांतपणे म्हणाल्या, "हात लावू नगस. सुटी करू नगस. हिला देते, ही सांगंल तसं कर." आणि फोन माझ्या हातात देऊन त्या आत गेल्या.

मी बहिणीला सांगितलं की घड ज्या बाजूने उचलला त्याच बाजूने पुन्हा होत्या जागी ठेवा, वर कडबा झाका, माणसं लांब करा, वाट बघा. तिथल्या वनरक्षकाचा नंबर शोधून त्याला पाठवलं. हे सगळं मी नीट केलं, माझं कामच आहे ते. मग आत गेले. आत्याबाई पलंगावर बसल्या होत्या, पाय खाली सोडून.

"सगळी?" त्यांनी विचारलं.

"सगळी."

"माझ्या हातानं."

"मी सांगायला हवं होतं. माझी चूक आहे, आत्याबाई."

त्यांनी पाय पलंगावर घेतले. मग म्हणाल्या, "मला सोसणार नाय, असं तुला कुणी सांगितलं?" आणि भिंतीकडे तोंड करून आडव्या झाल्या. 'कशाला दुखवायचं' ही माझी सबब त्यांनी इतक्या सहज, इतक्या थोडक्यात उघडी पाडली की मी तिथेच उभी राहिले. चहाचं मी काही बोलले नाही. त्यांना ते कळलं असावं असं मात्र वाटतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी एसटीने गावाला गेलो. मी जाते म्हणाले तेव्हा त्या स्वतःच पिशवी घेऊन दारात उभ्या राहिल्या. वाटेत त्या खिडकीबाहेर बघत होत्या. मी पाण्याची बाटली पुढे केली तर घेतली, शेंगा घेतल्या तर खाल्ल्या. सिल्लोडला गाडी बराच वेळ थांबली, तेव्हाही त्या खिडकीबाहेरच बघत होत्या. मी मनात ठरवत होते: गावात आता विचारतील, तुमच्या अंड्यांचं काय झालं. तेव्हा मी पहिल्यांदा तोंड उघडायचं. आत्याबाईंना बोलायची वेळ येऊ द्यायची नाही. वाक्यही तयार होतं.

शेतावर वनरक्षक आधीच येऊन गेला होता. रात्रीतून मादी परत आली असं बहीण म्हणाली. आम्ही लांबून पाहिलं तर कडब्याच्या फटीतून तिच्या अंगावरची तपकिरी नक्षी दिसली, हळूहळू थरथरणारी. जाळा म्हणणारे आता पहारा देत होते. बांधावर पंधरावीस बायका जमल्या होत्या, सगळ्या आत्याबाईंच्या ओळखीच्या, पूर्वी कोंबडीची अंडी घेऊन यायच्या त्या. एकीने विचारलंच, "तुमची किती निघाली वो, माय? घुगऱ्या वाटल्या म्हणं."

मी तोंड उघडलं. त्याआधी आत्याबाई बोलल्या होत्या.

"नाय निघाली. येकबी नाय. माझ्या सुनंनं लई बजावलं व्हतं, हात लावू नगा म्हणून. मीच ऐकलं नाय. कोंबडीची समजून फिरवत बसले. ह्या लांबड्याला हात लावायचा नसतो, ध्यानात ठिवा समद्या." मग त्यांनी पदर सारखा केला आणि माझ्याकडे वळून, सगळ्यांदेखत, इतक्या आठवड्यांत पहिल्यांदा मला आवाजात धार आणून म्हणाल्या, "सांग की गं आता ह्यांना. तुला समदं ठावं हाय ना?"

बायका माझ्याकडे बघत होत्या. शहरातली सापवाली सून, जिने बजावलं होतं. मी त्यांना सांगितलं, की कडब्याला हात लावू नका, जवळ शेकोटी करू नका, पिल्लं निघाली की ती आपली आपण जातील.

आषाढात ती पिल्लं निघाली. बहिणीने फोन केला, आत्याबाईंनी तो ऐकला आणि बरं झालं म्हणाल्या. आता माझा चहा त्या करतात, आम्ही बोलतोही. कुणी अंड्यांचा विषय काढला की त्या तीच गोष्ट सांगतात: सुनेने बजावलं होतं, मीच ऐकलं नाही. खालच्या मजल्यावर सांगितली, नवऱ्याच्या मित्रांना सांगितली, माझ्या आईला सांगितली. प्रत्येक वेळी मी समोर बसलेली असते, आणि अजून एकदाही मी मध्ये बोललेले नाही.